सोडा ब्रेडला साखर-अंडी कशाला? ताक-सोड्याचं गणित नीट छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मार्चमध्ये सेंट पॅट्रिक डे या आयर्लंडच्या सणाच्या निमित्ताने आयरिश सोडा ब्रेडची रेसिपी आली होती, त्याबद्दल लिहितेय. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, जागेअभावी कापावं लागलं तर बाकी काहीही कापा पण प्रमाणं आणि वेळा तेवढ्या कापू नका, कारण माझा सगळा मुद्दा तिथेच आहे.

त्या रेसिपीत मैदा होता, वाटीभर पिठीसाखर होती, दोन अंडी, खायचा सोडा, बेकिंग पावडर, व्हॅनिला इसेन्स आणि वरून टुटीफ्रुटी. बरं तेही एकवेळ चालेल, कुणाला गोड आवडतं, करू दे. पण पुढे दोन वाक्यं अशी होती की त्यानं ज्यांनी ज्यांनी करून बघितलं त्यांचं सामान वाया गेलं असणार. एक म्हणजे "ताक नसल्यास तेवढंच दूध घ्यावे" आणि दुसरं म्हणजे "पीठ चांगले मळून अर्धा तास ओल्या फडक्याखाली झाकून ठेवावे". आमच्या शेजारच्या वहिनींनी अगदी छापल्याप्रमाणे केलं, अंडी आणि साखर त्यांना नको होती म्हणून तेवढी वगळली, दूध घातलं, मळलं, झाकून ठेवलं, आणि निघाला तो दगड. वर पिवळट, आत कच्चा, आणि साबणाचा वास. वहिनी म्हणाल्या आपल्याला बाई हे परदेशी प्रकार जमत नाहीत. मला त्याचंच वाईट वाटलं, कारण जगातला बहुतेक सगळ्यात सोपा ब्रेड हा आहे आणि तो जमायला जे जे लागतं ते सांगली-मिरजेच्या कुठल्याही घरात आत्ता या घडीला असतं.

मला हा ब्रेड माहीत झाला तो माझ्या भाचीमुळे. ती मिरजेत नर्सिंग शिकली, आता आयर्लंडमध्ये कॉर्कला हॉस्पिटलमध्ये आहे. तिकडे तिच्या घरमालकीण आजींनी तिला शिकवला आणि तिनं मला व्हिडिओ कॉलवर. पारंपरिक सोडा ब्रेडमध्ये फक्त चार गोष्टी असतात, गव्हाचं पीठ, खायचा सोडा, मीठ आणि ताक. संपलं. यीस्ट नाही, अंडं नाही, साखर नाही, लोणीसुद्धा आत नाही, ते खाताना वर.

गोड प्रकार तिकडे नसतो असं नाही हां. बेदाणे घातलेला असतो, त्याला स्पॉटेड डॉग म्हणतात, त्यात थोडी साखर आणि एखादं अंडंही घालतात, तो चहाबरोबर खायचा. आणि 1845 ते 1852 च्या बटाट्याच्या दुष्काळात, ज्यात सुमारे दहा लाख माणसं मेली, तेव्हा आणि त्यानंतर लाखो आयरिश लोक अमेरिकेला गेले, तिथे मग त्या ब्रेडमध्ये लोणी, साखर, अंडी, बेदाणे, कॅरावे म्हणजे ते विलायती जिरं, असं सगळं येत गेलं आणि आज इंटरनेटवर जो दिसतो तो बहुतेक वेळा हा अमेरिकेतला असतो. आपल्या पुरवणीतला पण त्याच वळणाचा वाटला. तो वाईट नाही, पण वर "पारंपरिक" असं छापलं होतं, आणि पारंपरिक म्हटलं की निदान तो गरीब घरातला चार जिनसांचा ब्रेड आधी सांगायला पाहिजे, बाकीचं नंतर.

आता मुद्द्याचं. हा ब्रेड फुगतो कशानं? यीस्टच्या ब्रेडमध्ये यीस्ट पीठातली साखर खाऊन हळूहळू गॅस सोडतं, त्याला दोन-तीन तास लागतात आणि तो गॅस धरून ठेवायला पीठ चिवट लागतं म्हणून भरपूर मळायचं. सोडा ब्रेडमध्ये तसं काही नाही. सोडा अल्कली, ताकात लॅक्टिक ॲसिड, दोघं एकत्र आले की लगेच त्या क्षणाला कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो. आपण ढोकळ्याच्या पिठात सोडा घातल्यावर ते फसफसून वर येतं आणि मग आपण घाई करतो ना स्टीमरमध्ये ठेवायची, तसंच इथे. म्हणून अर्धा तास झाकून ठेवायचं म्हणजे जो गॅस ब्रेड फुगवणार होता तो बाहेर घालवून टाकायचा. ताक पडलं की पाच मिनिटांत ब्रेड तापलेल्या ओव्हनमध्ये गेला पाहिजे, म्हणून ओव्हन आधी तापवायचा, ताक नंतर ओतायचं, हा क्रम छापील रेसिपीत ठळक अक्षरात हवा.

आणि दुधाचं. गोड्या दुधात ॲसिड जवळजवळ नसतंच म्हटलं तरी चालेल. सोड्याला जोडीदार मिळत नाही, तो तसाच राहतो, आणि तोच तो साबणासारखा वास आणि पिवळट-हिरवट रंग. दूधच वापरायचं असेल तर त्यात लिंबाचा रस नाहीतर व्हिनेगर घाला, एक कप दुधाला साधारण एक मोठा चमचा, दहा मिनिटं ठेवा, फाटल्यासारखं झालं की वापरा. पण सांगलीत राहून ताक नाही म्हणून दूध फाडायचं याला काही अर्थ नाही.

बेकिंग पावडर आणि खायचा सोडा हे दोन वेगळे पदार्थ आहेत हे पण एकदा नीट छापा. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर कोरडं ॲसिड आधीच मिसळलेलं असतं, म्हणून ती पाण्यात किंवा दुधातही चालते. ताक असताना तिची गरज नाही. मला दोघी-तिघींनी विचारलं इनो चालेल का, त्याचंही तेच, इनोमध्ये सोडा आणि सायट्रिक ॲसिड दोन्ही आहे, ते पाणी लागल्या लागल्या उसळतं आणि संपतं, आणि ताकातला आंबटपणा मग तसाच राहतो. साधा खायचा सोडा घ्या, वाण्याकडे दहा-वीस रुपयांत मिळतो, फक्त जुना नको. चमचाभर व्हिनेगरवर चिमूट टाकून बघा, जोरात फसफसला तर चांगला.

ताकाबद्दल मला जास्त सांगायचंय कारण घोळ तिथेच होतो. परदेशी रेसिपीत बटरमिल्क लिहिलेलं असतं, आपण ताक म्हणून जेवणातलं पातळ, पाणी घातलेलं, वर कोथिंबीर-जिरं लावलेलं ताक ओततो. त्यात ॲसिड कमी आणि पाणी फार. पूर्वी आयर्लंडमध्ये घरोघरी साय साठवून, ती आंबट होऊ देऊन, मंथन करून लोणी काढायचे आणि खाली राहायचं ते बटरमिल्क, तेच या ब्रेडमध्ये. म्हणजे आपल्याकडे आठवडाभराची साय विरजून, रविवारी रवीनं किंवा मिक्सरमध्ये फिरवून लोण्याचा गोळा वर आला की खाली जे दाट पांढरं ताक उरतं, लोण्याचे बारीक कण तरंगत असलेलं, अगदी तेच. आपण ते कढीला वापरतो, जास्त झालं तर कामवाल्या मावशींना देतो, कुणी तर सिंकमध्येही ओतून टाकतात. ते ताक या ब्रेडसाठी सगळ्यात उत्तम आहे. लोणी काढताना गार पाणी आणि बर्फ फार घालतात काही जणी, तेवढं जरा बेतानं, नाहीतर ताक पांचट होतं. सायीचं ताक नसेल तर 300 ग्रॅम आंबट दही आणि 100 मिली पाणी घुसळून घ्या. कालचं-परवाचं आंबट झालेलं दही, जे जेवणात कुणी घेत नाही, ते इथे लागतं.

सोड्याचं माप त्या ताकावर ठरतं, पिठावर नाही, हे कुणी सांगतच नाही. साधारण एक कप आंबट ताकाला अर्धा चमचा सोडा पुरतो. म्हणजे 400 मिलीला पाऊण ते एक सपाट चमचा. चमचा म्हणजे चहाचा छोटा, आणि सपाट म्हणजे सुरीनं वरून सारखा केलेला. "जास्त फुगावा म्हणून" दोन चमचे घातले की जास्त फुगत नाही, कडवट होतो.

वाचकांच्या पत्राचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगते, मला स्वतःला ही फार आवडली. सोडा ब्रेडची सगळ्यात जुन्या नोंदींपैकी एक जी आहे ती वर्तमानपत्राला आलेलीच आहे. आयर्लंडच्या उत्तरेला काउंटी डाउन म्हणून भाग आहे, तिथल्या न्यूरी टेलिग्राफ नावाच्या पेपरला कुणीतरी ही कृती कळवली आणि ती पुढे लंडनच्या फार्मर्स मॅगझिनने 1836 च्या नोव्हेंबरात छापली. त्यात दीड पौंड म्हणजे आपल्या हिशोबानं साधारण 680 ग्रॅम गव्हाचं जाडसर पीठ आहे, चहाचे दोन छोटे चमचे बारीक मीठ, तसाच एक पण भरलेला चमचा सोडा, आणि ताक कसलं तर अगदी आंबट असं मुद्दाम लिहिलंय. पीठ जितकं सैल भिजेल तितकं चांगलं असंही लिहिलंय. मग साधारण इंचभर जाडीचं करून सपाट भांड्यात नाहीतर फ्राइंग पॅनमध्ये ठेवायचं, वर लोखंडी झाकण, खालून मध्यम आच वीस मिनिटं, आणि मग झाकणावर निखारे ठेवून आणखी अर्धा तास. ओव्हन नाही! जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी एका वाचकानं पेपरला कळवलेली कृती आजही जशीच्या तशी केली तर ब्रेड होतो, कारण त्या माणसानं माप, आच आणि वेळ तिन्ही लिहिलं होतं.

झाकणावर निखारे वाचल्यावर आपल्या जुन्या बायकांना लगेच कळेल, खाली-वर विस्तव ठेवून भाजणं आपल्याकडेही होतंच की, कोकणात काकडीचं धोंडस असंच करतात. आयर्लंडमध्ये साध्या शेतकऱ्याच्या घरात ओव्हन नसायचा, उघडी चूल, तीत लाकूड कमी आणि पीट जास्त, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली, कुजलेल्या झाडपाल्याची माती, तीच जाळायची. त्या चुलीवर बीडाचं पायांचं जाड भांडं, त्याला बास्टिबल म्हणतात, त्यात हा गोळा आणि सपाट झाकणावर जळते तुकडे. आणि गव्हाचं म्हणाल तर तिकडची हवा ओली आणि थंड, तिथे होणारा गहू मऊ, त्यात प्रोटीन कमी, म्हणून यीस्टचा उंच ब्रेड त्याचा नीट व्हायचा नाही. एकोणिसाव्या शतकात सोडा स्वस्त झाला आणि घरोघरी ताक होतंच, मग हा ब्रेड तिकडच्या घराघरात गेला. म्हणजे कुणी शेफनं शोधून काढलेला प्रकार नाही हा, घरात ओव्हन नाही, यीस्ट नाही, गहू कमजोर, अशा सगळ्या नाहीमधून झालेला आहे, म्हणून तर तो आपल्या घरात इतका सहज होतो.

पिठाचं आपलं थोडं वेगळं आहे ते लिहिते. आपला गिरणीतला आटा जात्याच्या दगडाखाली बारीक दळला जातो, कोंडा सगळा आत असतो, तो पाणी जास्त पितो. परदेशी रेसिपीतलं ताकाचं माप तसंच घेतलं तर पीठ घट्ट होतं आणि ब्रेड कोरडा. मी 300 ग्रॅम लोकवनचा आटा आणि 150 ग्रॅम मैदा घेते, नुसता आटाही चालतो पण जरा जड होतो. आणि खपलीचा जरूर करून बघा. आपल्या सांगली-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात खपली पिकते, आपण खिरीपुरती आणतो आणि बाकी वर्ष विसरतो. तिचं पीठ चिवट नसतं म्हणून यीस्टच्या ब्रेडला ती फारशी चालत नाही पण सोडा ब्रेडला चिवटपणा नकोच असतो, त्यामुळे अर्धी खपली अर्धा लोकवन फार सुंदर लागतो, खमंग, किंचित गोडसर. हे मी मुद्दाम लिहितेय कारण आपल्या पेपरात दर आठवड्याला बेदाणा आणि हळदीचे भाव येतात, खपलीचं घरात काय काय करता येईल हे कधी येत नाही.

कृती आता एका दमात सांगते. पीठ 450 ग्रॅम, मीठ एक सपाट चमचा, सोडा पाऊण ते एक सपाट चमचा, सोडा बोटांनी चुरडून बारीक चाळणीतून चाळायचा, गुठळी राहिली तर ब्रेडमध्ये पिवळा-तपकिरी डाग येतो आणि तो घास कडू लागतो. सगळं कोरडं पसरट परातीत हातानं वर उचलून उचलून सोडायचं म्हणजे आत हवा जाते. ओव्हन 220 अंशांवर लावून ठेवायचा. मध्ये खळगा करून 350 मिली ताक एकदम ओतायचं, उरलेलं 50-75 मिली हाताशी ठेवायचं. मग एका हाताची बोटं ताठ, पसरलेली, जरा वाकवलेली ठेवून आतून बाहेर गोल गोल फिरवायची. मळायचं नाही. इथे आपला हात आपलं ऐकत नाही, आयुष्यभर कणीक तिंबलेले हात आपले, पीठ दिसलं की मूठ आपोआप वळते, भाची तिकडून फोनवर ओरडत होती, "अगं मावशी, मळू नको ना, सोड त्याला!" कोरडं पीठ दिसायचं बंद झालं की थांबायचं, थालीपिठाच्या पिठाइतकं सैल आणि ओबडधोबड राहिलं पाहिजे. गुळगुळीत झालं म्हणजे जास्त झालं. मळलं की पीठ चिवट होतं, गॅस निघून जातो, ब्रेड दडदडीत होतो.

मग भरपूर कोरड्या पिठावर ते काढून, हाताला पीठ लावून नुसतं गोल सारखं करायचं, दीड-दोन इंच जाड, आणि धारदार सुरीनं वरून अधिक चिन्हासारखी खोल चीर द्यायची, जवळजवळ तळापर्यंत. आयर्लंडमध्ये म्हणतात चीर दिली की ब्रेडमधल्या पऱ्या बाहेर जातात, कुणी म्हणतं तो क्रॉस आहे, आशीर्वाद म्हणून. श्रद्धा ज्याची त्याची, पण चीर दिल्यानं मधल्या जाड भागात आच पोचते आणि नंतर चार तुकडे सहज मोडतात, म्हणून ती चुकवू नये. 220 वर पंधरा मिनिटं, मग 200 वर आणून पंचवीस-तीस मिनिटं. झाला का ते बघायला ब्रेड उलटा करून बुडावर बोटानं टकटक करायचं, पोकळ आवाज आला तर झाला, बद्द आवाज आला तर उलटाच परत पाच मिनिटं आत. बाहेर काढल्यावर जाळीवर ठेवायचा, कड मऊ हवी तर स्वच्छ सुती पंचात गुंडाळायचा, कुरकुरीत हवी तर उघडा. गरम गरम कापायचा मोह होतो पण अर्धा तास थांबावं, आतली वाफ बसू द्यावी, नाहीतर सुरीला चिकटतो.

ओव्हन नसेल तर, आणि बहुतेक घरात नाहीये, तर जाड बुडाची मोठी कढई घ्या, तळाला मिठाचा थर, वर स्टँड, घट्ट झाकण, मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं तापवा, मग ताटलीत ब्रेड ठेवून मध्यम-मंद आचेवर पाऊण तास ते पन्नास मिनिटं. वरचा रंग फिका राहतो, शेवटी उलटा करून आठ-दहा मिनिटं ठेवला की बरा येतो. कुकरमध्ये करणार असाल तर रिंग आणि शिट्टी दोन्ही काढून, आणि पाणी घालायचं नाही.

पण माझं मत विचाराल तर आपल्यासाठी सगळ्यात योग्य तो तव्यावरचा प्रकार. उत्तर आयर्लंडमध्ये, अल्स्टरकडे, हेच पीठ अर्ध्या-पाऊण इंच जाडीचं गोल थापून त्याचे चार चतकोर कापतात आणि सपाट तव्यावर भाजतात. त्याला फार्ल म्हणतात. आपला बिडाचा तवा याला एकदम फिट. तवा मंद आचेवर चांगला तापू द्यायचा, चिमूटभर कोरडं पीठ टाकून बघायचं, ते हळूहळू बदामी झालं तर आच बरोबर, लगेच काळं पडलं तर जास्त. तेल-तूप काही नाही, तव्यावर पीठ भुरभुरून चतकोर ठेवायचे, एका बाजूला सात-आठ मिनिटं, दुसऱ्या बाजूला तेवढीच, मग कडेवर उभे करून बाजू भाजायच्या. वीस मिनिटांत काम संपतं, गॅसही कमी. सकाळी डब्याच्या घाईतसुद्धा होतो. मधून फाडून आत घरचं लोणी आणि शेंगदाण्याची चटणी, नाहीतर हिरव्या मिरचीचा खर्डा, आमच्याकडे तर मुलं पावभाजीसुद्धा याच्याबरोबर मागतात. तिकडे सूप आणि मटणाच्या स्ट्यूबरोबर खातात, मग आपल्याकडे तांबड्या-पांढऱ्या रश्शाबरोबर का नको, ताटातला रस्सा शोषून घ्यायला याच्यासारखा ब्रेड नाही.

हा ब्रेड केल्या दिवशीच उत्तम. दुसऱ्या दिवशी तव्यावर तूप सोडून भाजला तर चांगला लागतो, तिसऱ्या दिवशी नाही. बाजारचा ब्रेड चार-पाच दिवस मऊ राहतो कारण त्यात त्यासाठीच काही काही घातलेलं असतं, इथे काहीच नाही, तेव्हा ही कुरकूर करू नये, कमी करावा, ताजा करावा. आणि एक जबाबदारीनं लिहिते, यात मीठ आहे आणि सोड्यातही सोडियम आहे, त्यामुळे ज्यांना बीपी किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून खावा. घरचा आहे, यीस्ट नाही, म्हणून "पूर्ण हेल्दी" असं आपल्या पुरवणीत लिहिलं होतं, ते बरोबर नाही. आट्याचा आहे म्हणून चोथा जास्त, साखर नाही, एवढं खरं.

गोड करायचा असेल तर तासगावचा बेदाणा आहे की आपल्याकडे! परदेशी रेसिपीतले क्रॅनबेरी आणि इकडची टुटीफ्रुटी कशाला? 450 ग्रॅम पिठाला 100 ग्रॅम बेदाणा, एक मोठा चमचा साखर, हवं तर एक अंडं ताकात फेटून, ताक तेवढंच कमी. बेदाणा आधी धुऊन फडक्यावर कोरडा करायचा, ओला गेला तर त्याभोवती पीठ कच्चं राहतं. झाला स्पॉटेड डॉग.

आता विनंती. पुरवणीत रेसिपी देताना माप वाटी-कपाबरोबर ग्रॅम आणि मिलीमध्येही द्या, प्रत्येक घरातली वाटी वेगळी असते. आटा की मैदा, ताक दाट की पातळ, सोडा की बेकिंग पावडर हे स्पष्ट लिहा. ओव्हन नसलेल्यांसाठी एक ओळ जरूर द्या. पर्याय सुचवताना, म्हणजे "हे नसल्यास ते", तो पर्याय कुणीतरी खरंच करून बघितलेला असावा, कारण पेपरात छापून आलंय म्हणजे बरोबरच असणार असं धरून बायका सामान आणतात, आणि बिघडलं की पेपरला नाही, स्वतःच्या हाताला दोष देतात. वहिनींच्या बाबतीत तेच झालं. त्यांना मी सायीचं ताक आणि बिडाचा तवा घेऊन बसवलं, चारही फार्ल फुगले, आता त्या खपलीचं पीठ शोधतायत.

पुढच्या रविवारी त्याच जागेवर दुरुस्तीची छोटी चौकट आली तर बरं होईल. त्यात एवढं आलं तरी पुरे: दुधाऐवजी आंबट ताक, सोडा सपाट चमचा आणि तोही ताकाच्या मापानं, मळायचं नाही, झाकून ठेवायचं नाही, ओव्हन किंवा तवा आधी तापवायचा. रेसिपी ज्यांनी पाठवली त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांना मी वर लिहिलेलं सगळं कळवलंत तरी चालेल.

कळावे,
आपली नेहमीची वाचक,
विश्रामबाग, सांगली